सांगलीत घरच्या घरी मेणबत्त्या शिकायच्या आहेत, क्लास लावू का?

सुरुवातीला क्लास नकोच. गणपती पेठेत चौकशी करून अर्धा किलो पॅराफिन मेण आणि वेणीसारखी विणलेली सुती वात घ्या. सोया मेण छान असतं, पण मऊ. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते काचेच्या ग्लासातच बरं.

मेण थेट गॅसवर कधीच ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात मेणाचं छोटं भांडं ठेवा आणि तिथून हलू नका. चुकून मेण पेटलंच तर पाणी अजिबात मारायचं नाही, भडका उडतो. गॅस बंद करून वर झाकण टाका. लहान मुलं ओट्याजवळ नकोत, हे तर आलंच.

खरी गंमत वातीत आहे. बारीक पडली तर ज्योत स्वतःच्याच वितळलेल्या मेणात बुडून विझते आणि कडेचं मेण तसंच राहतं. जाड झाली तर काजळी धरते. म्हणून एकाच मापाच्या साच्यात दोन-तीन जाडीच्या वाती लावून जाळून बघा. एवढं केलंत की निम्मं शिकलात.

रंग मेणाचाच घ्या, खायचा पाण्यातला रंग मिसळत नाही. अर्ध्या किलोला 30 ग्रॅम सुगंधी तेल पुरतं, तेही गॅसवरून उतरवल्यावर. थंड होताना वातीभोवती खड्डा पडतो; थोडं मेण राखून ठेवा आणि वरून भरा. उरलेलं सिंकमध्ये मात्र ओतू नका, पाइप तुंबतो.