भीती न वाढवता सावध करण्याचे शिक्षण : एका पालकांच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीचे शालेय शिक्षण संपत आले आहे, तिचा ओढा जीवशास्त्राकडे आहे आणि आण्विक व जैविक दहशतवाद रोखण्यासाठी लोकशिक्षणाचे काम करायचे असे तिने ठरवले आहे, हे आपल्या पत्रातून कळले. अशा कामावर चरितार्थ चालेल का आणि असल्या विषयाच्या अभ्यासामुळे तिच्याकडे कोणी संशयाने पाहील का, असे आपले दोन प्रश्न आहेत. दोन्ही रास्त आहेत. मात्र त्यांची उत्तरे हे काम प्रत्यक्षात कसे असते यावर अवलंबून असल्यामुळे आधी त्याविषयी लिहितो.

१९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात, बंद पडलेल्या एका किरणोपचार केंद्रातील यंत्राचा भाग भंगार म्हणून उचलून नेण्यात आला. त्यातील सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाची भुकटी अंधारात निळसर चमकत असे, म्हणून लोकांनी ती कौतुकाने हाताळली आणि आप्तांना वाटली. चौघांचा मृत्यू झाला आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. यात दहशतवादाचा संबंध नव्हता. तरीही किरणोत्सारी पदार्थ चुकीच्या हाती पडल्यास काय होते याचा अभ्यास आजही या घटनेपासून सुरू होतो. मला त्यातील एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. घरातली माणसे एकापाठोपाठ आजारी पडत आहेत आणि त्याचे मूळ या वस्तूत असावे, हे प्रथम भंगारवाल्याच्या पत्नीने ओळखले व ती वस्तू आरोग्य कार्यालयात पोहोचवली. विज्ञानाचे शिक्षण नसलेल्या त्या स्त्रीच्या निरीक्षणामुळे पुढचा अनर्थ आटोक्यात आला. तिचा स्वतःचा जीव मात्र वाचला नाही. धोक्याची खूण तिला आधीच कोणी शिकवली असती तर, या प्रश्नातूनच लोकशिक्षणाची गरज उभी राहते. किरणोत्साराचे जुने तीन पाकळ्यांचे चिन्ह अनभिज्ञ माणसाला काहीच सांगत नाही हे लक्षात आल्यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ११ देशांतील लोकांना नवी चिन्हे दाखवून पारखली आणि २००७ मध्ये कवटी व पळणारा माणूस असलेले लाल त्रिकोणी चिन्ह जाहीर झाले. आपली मुलगी ज्या कामाचा विचार करते आहे, त्याचा हा अस्सल नमुना आहे.

जैविक बाजू अधिक अवघड आहे. २००१ साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू पाठवले गेले, त्यात पाच जणांचा मृत्यू झाला. सुमारे दहा हजार लोकांना ६० दिवस प्रतिजैविके घेण्यास सांगण्यात आले, परंतु अनेकांनी ती मध्येच सोडली. औषध उपलब्ध असूनही ते का घ्यायचे हे पटवून देण्याचे काम अपुरे पडले होते. पुढे तपासयंत्रणेने या कृत्याबद्दल सरकारी प्रयोगशाळेतील एका शास्त्रज्ञाकडेच बोट दाखवले. खटला उभा राहण्यापूर्वी तो मरण पावला. त्यामुळे हे शिक्षण सामान्य नागरिकांइतकेच प्रयोगशाळेत वावरणाऱ्यांनाही द्यावे लागते. १९७५पासून अमलात असलेल्या जैविक अस्त्रबंदी कराराला आजही स्वतःची तपासणी यंत्रणा नाही, म्हणून संशोधकांच्या जागरूकतेवर फार काही अवलंबून आहे. त्यांच्या आचारसंहितेसाठी २०२१ मध्ये तियानजिन मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली, ती तिने अवश्य वाचावीत.

आता चरितार्थाविषयी. केवळ याच नावाच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. हे काम करणारे बहुतेक जण सार्वजनिक आरोग्य विभाग, रुग्णालयांतील किरणसुरक्षा, विद्यापीठे, विज्ञान पत्रकारिता किंवा आपत्ती व्यवस्थापन यांत नोकरी करून तिच्या आधारे ते करतात. व्हिएन्ना व जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये जागा असतात, परंतु त्या बहुधा अनुभवी माणसांना मिळतात. म्हणून पदवीलाच सुरक्षा अभ्यास घेण्यापेक्षा तिने सूक्ष्मजीवशास्त्रासारखा भक्कम विषय घ्यावा, पदव्युत्तर स्तरावर साथरोगशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्याकडे वळावे आणि जोखीम संवादाचे, म्हणजे धोका लोकांना समजेल असा सांगण्याचे, शिक्षण त्याला जोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. धोरणाची आवड टिकली तर अण्वस्त्रप्रसारबंदीचा अभ्यास त्यानंतरही करता येतो. विज्ञानाचा पाया मात्र मागाहून घालणे फार कठीण जाते.

संशयाची आपली काळजी मी हलकी मानत नाही. रोगजंतू घातक कसा करावा किंवा किरणोत्सारी स्रोत कसा मिळवावा, यातले काहीही लोकशिक्षणाला लागत नाही. लक्षणे कोणती, कळवायचे कोणाला, घरात थांबायचे केव्हा, अफवा ओळखायची कशी, एवढेच नागरिकाला हवे असते. काय सांगू नये याचा विवेक हे या क्षेत्रातले पहिले कौशल्य मानले जाते आणि ते अंगी बाणवलेल्या व्यक्तीला संस्था विश्वासाने जबाबदारी देतात. तिने मान्यताप्राप्त संस्थेत, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली अभ्यास करावा आणि जालावरील अनोळखी गटांत अशा विषयांवर तांत्रिक चर्चा करू नये, इतके पथ्य पुरे आहे.

गोयानियाच्या अपघातावरील अणुऊर्जा संस्थेचा १९८८चा अहवाल विनामूल्य उपलब्ध आहे. तो वाचून, विज्ञान न शिकलेल्या प्रौढ वाचकासाठी तिने दोन पानांचे टिपण लिहावे आणि ते घरातील कोणाकडून तरी वाचून घेऊन कुठे अडखळायला झाले ते नोंदवावे. ते टिपण त्या नोंदींसह मला पाठवा. महाविद्यालयांच्या निवडीबद्दल आपण त्यानंतर बोलू.