हौसेने काढलेले पूल, स्कायलाइन आणि आसपासच्या परिसराचे फोटो ऑनलाइन टाकण्यात अर्थ आहे का? टाकायचे तर कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोबाइलवर शहरातले पूल, उंच इमारतींची रांग, नदीकाठ, टेकडीवरून दिसणारा परिसर असे बरेच फोटो साठलेत. ते लोकांना दाखवावेसे वाटतात, पण याहून देखणे हजारो फोटो नेटवर आधीच असताना आपले कोण बघणार, म्हणून हात मागे येतो.

जरूर टाका. फक्त प्रत्येक फोटोखाली तो कुठे उभं राहून, कोणत्या तारखेला आणि साधारण किती वाजता काढला एवढं लिहा. मी बरीच वर्षं असे फोटो काढते, टाकते आणि त्याहून कितीतरी जास्त बघते. हौशी माणसाच्या फोटोचं मोल बहुतेक वेळा या दोन ओळींवर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

कॅमेऱ्याने टिपलेला, आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना फोटो कशाचा आहे ते बघा. फ्रान्समधल्या एका घराच्या वरच्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचा! नीसेफोर निएप्सने १८२६-२७च्या सुमारास डांबराचा थर दिलेल्या धातूच्या पत्र्यावर तो घेतला. एक्स्पोजर, म्हणजे पत्र्यावर प्रकाश पडू देण्याचा वेळ, इतका लांबला की सूर्य सरकून समोरासमोरच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन दिसतं. खिडकीतून रोज दिसणारं दृश्य, एवढाच त्याचा विषय. तरीही तो आज जपून ठेवलेला आहे.

दुसरं उदाहरण स्कायलाइनचंच. एडवर्ड मायब्रिजने १८७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉब हिल टेकडीवरून, एका मोठ्या घराच्या माथ्यावर कॅमेरा लावून चौफेर शहर १३ काचांवर (फिल्मऐवजी तेव्हा काच वापरत) टिपलं. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत त्या शहराचा फार मोठा भाग गेला, ज्या घरावरून फोटो काढले तेही जळालं. मायब्रिज व्यावसायिक होता हे खरं, पण त्या १३ काचांचा आज उपयोग होतो तो जागा आणि साल पक्कं माहीत आहे म्हणून. कुठली गल्ली कुठे होती, कुठला उतार तेव्हा मोकळा होता, हे त्यावरून ठरवता येतं.

आणि हे फक्त शंभर वर्षांपूर्वीचं नाही. २६ मार्च २०२४ च्या पहाटे अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये मालवाहू जहाज खांबाला धडकलं आणि १९७७ पासून उभा असलेला फ्रान्सिस स्कॉट की पूल काही क्षणांत पाण्यात गेला. त्यावर काम करणारे सहा जण मृत्युमुखी पडले. आदल्या दिवसापर्यंत कुणी काठावरून सहज जाता जाता काढलेला त्या पुलाचा फोटो आता दस्तऐवज झाला आहे. तो काढताना काढणाऱ्याला याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

म्हणून ओळ लिहायचीच. 'संध्याकाळचा सुंदर पूल' असं लिहिल्याने बघणाऱ्याला काही मिळत नाही, फोटो सुंदर आहे का ते त्याला दिसतंच. त्याऐवजी असं लिहून बघा: 'जुना दगडी पूल, उजव्या तीरावरून, पुलाच्या वरच्या अंगाला, पश्चिमेकडे तोंड करून. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांनी. तिसऱ्या कमानीखाली डागडुजीची परांची बांधलेली आहे.' उजवा-डावा तीर प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात, हे लक्षात ठेवा. समोरच्या काठावरून बघणाऱ्याचा हमखास घोटाळा होतो. पुलाच्या खांबावर पाणीपातळीचे आकडे रंगवलेले असतील तर ते वाचता येतील असा एक तरी फोटो काढा. तारीख असेल तर तो फोटो त्या दिवशी पाणी किती होतं हे कायमचं सांगत राहतो. मला स्वतःला असे फोटो सूर्यास्ताच्या फोटोंपेक्षा जास्त आवडतात.

आता 'हजारो फोटो आधीच आहेत' याबद्दल. हजारो आहेत ते त्याच एक-दोन जागांवरून, त्याच वेळेला काढलेले. प्रसिद्ध पुलाचा प्रसिद्ध कोन सगळ्यांनी घेतलेला असतो. त्याच पुलाची खालची बाजू, पायऱ्या, जोड, कठडा, पलीकडच्या काठावरची वस्ती याचे फोटो शोधायला जा, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडतील. आणि ज्या पुलाला कुणी प्रसिद्ध म्हणत नाही, त्याचा तर एखादाच. तुमची जागा तिथे आहे.

एक जागा ठरवा आणि तिथे पुन्हा पुन्हा जा. पावसाआधी, पावसात, हिवाळ्यात, काम सुरू झाल्यावर, काम संपल्यावर. दर वेळी नेमकं तिथेच उभं राहायची एक साधी युक्ती आहे. फ्रेममधल्या जवळच्या आणि लांबच्या वस्तूंच्या दोन जोड्या बघून ठेवायच्या. समजा, डावीकडे दिव्याचा खांब मागच्या मनोऱ्याच्या कडेला बरोबर टेकतो आणि उजवीकडे कठड्याचं टोक समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर येतं. पुढच्या वेळी जुना फोटो मोबाइलवर उघडा आणि दोन्ही जोड्या जुळेपर्यंत पावलापावलाने सरका. एक जोडी जुळली की तुम्ही एका रेषेवर आलात, दुसरी जुळली की त्या बिंदूवर. झूम मात्र नंतर जुळवायचा, आधी पाय. असे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले की बघणारा थांबतोच, कारण दोन्हींतला फरक त्याला स्वतःला शोधायचा असतो.

याच कारणासाठी एक आग्रह धरते: बांधकामाची क्रेन, विजेच्या तारा, कठड्यावरचं वाळत घातलेलं कापड पुसून टाकू नका. आता बोटाच्या एका फटक्यात ते पुसता येतं, पण पुढे कुणी हा फोटो बघेल तेव्हा काळ ओळखण्याच्या खुणा त्याच असतील. उजेड, रंग, वाकडं क्षितिज जरूर दुरुस्त करा. आकाश बदललं असेल तर तसं सांगा. खरं तर बदलूच नका, परिसराच्या फोटोत आकाशही त्या दिवसाचंच असलं पाहिजे.

फोटो बरा यावा असंही तुम्हाला वाटत असणारच, तर त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते: रात्रीची स्कायलाइन रात्री काढू नका. पूर्ण अंधारात आकाश आणि इमारती दोन्ही काळ्या होतात, इमारतींची कड हरवते आणि उरतात नुसते दिवे. सूर्य मावळून क्षितिजाखाली साधारण ४ ते ६ अंश गेला की शहराचे दिवे लागलेले असतात आणि आकाशात अजून गडद निळा उजेड असतो. त्या निळाईत हवेच्या वरच्या थरातल्या ओझोनचा मोठा वाटा आहे, तो पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतो. दिव्यांचा आणि आकाशाचा उजेड जवळपास सारखा होतो ती हीच वेळ, त्यामुळे कॅमेऱ्याला दोन्ही सांभाळता येतं. विषुववृत्ताजवळ सूर्य साधारण ४ मिनिटांत १ अंश खाली उतरतो, म्हणजे हाताशी जेमतेम आठ-दहा मिनिटं. ध्रुवांकडे जावं तसा तो तिरका उतरतो आणि ही वेळ लांबते. म्हणून सूर्यास्ताला पोचून जागा धरायची, रंग संपले म्हणून गर्दी परतायला लागली की आपण तिथेच थांबायचं.

कॅमेरा टेकवायला मात्र पुलाचा कठडा वापरू नका. जड वाहन गेलं की पूल थरथरतो, दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ते लगेच दिसतं. काठावरची भिंत किंवा स्टँड बरा, आणि बटणाला हात न लावता टायमरवर काढायचं. लांब एक्स्पोजरमध्ये हलणारं सगळं पुसट होतं किंवा नाहीसं होतं. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला, तेव्हा एक्स्पोजर काही मिनिटांचा असल्याने गाड्या आणि माणसं त्यात उमटलीच नाहीत. स्पष्ट दिसतो तो फक्त बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला माणूस. पुलावरची गर्दी दाखवायची असेल तर त्यामुळे दिवसाउजेडी, कमी एक्स्पोजरमध्ये काढलेलाच फोटो हवा.

मनोरे मागे झुकलेले दिसतात ही तक्रार सगळ्यांची असते. कॅमेरा वर कलला की उभ्या रेषा वर जाऊन जवळ येतात, एवढंच त्याचं कारण. कॅमेरा सरळ धरा, लांब जा, खाली जास्तीचं पाणी किंवा रस्ता येऊ द्या आणि नंतर कापा. इंग्लंडमधल्या १९८१ च्या हंबर पुलाचे दोन मनोरे खरोखरच समांतर नाहीत. प्रत्येक मनोरा आपापल्या जागी ओळंब्यात आहे, पण मधलं अंतर १४१० मीटर असल्याने पृथ्वीच्या गोलाईमुळे ते तळापेक्षा माथ्याला ३६ मिलिमीटर लांब आहेत. म्हणजे वर जाताना ते एकमेकांपासून दूर जातात, फोटोत मात्र जवळ येताना दिसतात. ३६ मिलिमीटर डोळ्याला कळणार नाहीत, पण असा एखादा तपशील फोटोखाली लिहिला तर लोक तो पुन्हा नीट बघतात.

अपलोड करताना झुलत्या पुलाच्या केबल आणि कठड्याच्या गजांकडे लक्ष ठेवा. बऱ्याच साइट मोठी फाइल स्वतःहून लहान करतात, त्यात बारीक तिरप्या रेषा पायऱ्यांसारख्या तुटतात आणि गजांवर लाटांसारखे पट्टे उमटतात. लांब बाजू दोन हजार पिक्सेलच्या आसपास आणून, अगदी हलकं शार्पन करून तुम्हीच लहान केलेली प्रत टाकलीत तर केबल स्वच्छ राहतात. मेसेजमधून पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर कॉम्प्रेशनमध्ये निळ्या आकाशाचे पट्टे पडतात. मूळ फाइल आहे तशी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ आणि लोकेशन सुरू असेल तर काही मीटरच्या फरकाने जागाही नोंदलेली असते. अपलोड करताना काही ठिकाणी ही माहिती गळून जाते, म्हणून ओळ हाताने लिहावी लागते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये मात्र ती तशीच राहते. त्यामुळे स्वतःच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून काढलेली स्कायलाइन टाकताना लोकेशन काढून टाका आणि खाली 'शहराच्या पूर्व भागातून, दहाव्या मजल्यावरून' एवढंच लिहा. दुसऱ्याच्या घराची खिडकी जवळून दिसत असेल तर तो फोटो मी टाकत नाही. आणि फोटोला मनाई असल्याची पाटी असेल तिथे काढूच नका, काही पूल सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक मानले जातात.

एका वेळी चाळीस फोटो ओतू नका. एकाच पुलाचे तीन-चार, तेही वेगवेगळं काही सांगणारे, पुष्कळ झाले: एक लांबून, एक जवळून, एक माणसांसह. 'छान', 'मस्त' अशा प्रतिक्रिया येतील, त्याने बरंही वाटेल. पण 'उजवीकडची ती पडकी भिंत कशाची आहे, कुणाला माहीत आहे का?' असं तुम्ही विचारलंत तर त्या भागात वाढलेली माणसं बोलायला लागतात. कुणी जुनं नाव सांगतं, कुणी स्वतःकडचा जुना फोटो जोडतं. त्यातली पडताळून बघितलेली माहिती फोटोखालच्या ओळीत घाला, आणि ती कुणाकडून कळली हेही लिहा.

राहिला हक्कांचा मुद्दा. फोटो तुम्ही काढला म्हणजे साधारणपणे त्याचा कॉपीराइट तुमचा, पण फोटोतल्या वास्तूवर तिच्या रचनाकाराचाही हक्क असू शकतो, आणि हा कायदा देशागणिक बदलतो. आयफेल टॉवरचं प्रसिद्ध उदाहरण आहे. टॉवर १८८९ चा आणि तो उभारणारे आयफेल १९२३ मध्ये वारले, म्हणजे त्यावरचा हक्क केव्हाच संपला, त्यामुळे दिवसाच्या फोटोला आडकाठी नाही. रात्रीची रोषणाई मात्र वेगळी कलाकृती मानली जाते आणि तिच्या फोटोच्या व्यावसायिक वापराला परवानगी लागते. हौसेखातर काढून आपल्या पानावर टाकायला तिथेही हरकत घेत नाहीत. नव्या, एखाद्या वास्तुरचनाकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारतीचा फोटो विकायचा विचार असेल तर आधी आपल्या देशातला नियम बघून घ्या.

फोटो लोकांना सहज वापरता यावेत असं वाटत असेल तर विकिमीडिया कॉमन्सचा, म्हणजे विकिपीडियाशी जोडलेल्या, कुणालाही वापरता येणाऱ्या फोटोंच्या ऑनलाइन भांडाराचा, विचार करा. २००४ पासून तिथे असेच पूल, रस्ते, नद्यांचे फोटो जागेवार लावून ठेवले जातात, आणि हौशी माणसांचं त्यात फार मोठं काम आहे. तिथे फोटो देताना तुमचं नाव देऊन कुणीही वापरावा, अगदी व्यावसायिक कामालाही, अशी मुभा द्यावी लागते. 'फक्त विनाव्यावसायिक वापर' ही अट तिथे चालत नाही. ते मान्य नसेल तर स्वतःचं पान किंवा अल्बम ठेवा. मी काही फोटो तिथे देते, काही स्वतःकडे ठेवते. ज्या पुलाचा तिथे एकही फोटो नसतो, त्याचा आधी देते.