पणजीचा पिनकोड ४०३००१ ही मूळ संख्या आहे का?

होय, ४०३००१ मूळ संख्याच आहे. तिचं वर्गमूळ ६३५ च्या आत येतं, म्हणून ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. एकीनेही नि:शेष भाग जात नाही. १३ आणि ३१ तर अगदी थोडक्यात हुकतात: ४०३ = १३ × ३१ (अंकांची उलटापालट बघा!), त्यामुळे दोन्हींनी भागल्यावर बाकी १ उरते. चारने भागल्यावरही बाकी १, म्हणून फर्माच्या प्रमेयानुसार ती दोन वर्गांची बेरीज असायलाच हवी, आणि आहेच: २९९² + ५६०². मात्र गोव्यातले सगळे पिनकोड असे नाहीत. म्हापशाचा ४०३५०७ म्हणजे १३ × ३१०३९. फोंड्याच्या ४०३४०१ ला तर सरळ तीनने भाग जातो.