फुगाझी हा अमेरिकन पंक रॉक बँड ऐकायला '13 साँग्ज' या अल्बमपासून सुरुवात करावी की 'रिपीटर'पासून?

'13 साँग्ज'पासून. त्यातलं 'वेटिंग रूम' हे गाणं आवडलं म्हणताय, मग तिथेच अजून थोडं रेंगाळा. पण तुम्ही प्रश्नाच्या खाली लिहिलंय की मित्राच्या मते 'रिपीटर'मध्ये दुसरी गिटार आली आणि बेसची वाट लागली. मी लिहायला बसलोय ते त्या एका ओळीसाठी.

मी बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवायचो. पुण्यात कॉलेज संपता संपता जमवलेला बँड : एक गिटार, बेस, ड्रम्स आणि एक गाणारा. छान चाललं होतं. मग आमच्या गिटारिस्टने आपल्या मावसभावाला आणला. मला न विचारता. कारण काय, तर "फुगाझीनेपण पहिल्या अल्बमला दुसरी गिटार घेतलीच की." मावसभावाकडे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडल्सचा भलामोठा बोर्ड. दोघे भाऊ तेच पॉवर कॉर्ड, त्याच फ्रेटवर, तसल्याच डिस्टॉर्शनमध्ये वाजवायचे आणि मी अँपला हात लावला रे लावला की "बेस कमी कर ना, नुसतं घुमतंय." रेकॉर्डिंग केलं तेव्हा मिक्स, म्हणजे कुठलं वाद्य किती मोठं ठेवायचं ते, गिटारिस्टच्या घरी झालं, रात्री, मी नसताना. त्या रेकॉर्डिंगच्या व्हिडिओत माझी बोटं हलताना दिसतात. तेवढाच बेस.

आता फुगाझीने खरंच काय केलं ते बघा. '13 साँग्ज' म्हणजे 1988 आणि 1989 च्या दोन ईपी (मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड) एकत्र केलेल्या. त्यात गाय पिचोटो मुख्यतः गायचा, गिटार इयन मकायची. 1990 चा 'रिपीटर' हा त्यांचा पहिला खराखुरा स्टुडिओ अल्बम. वॉशिंग्टनला लागूनच असलेल्या आर्लिंग्टनमध्ये, डॉन झिएंटाराच्या इनर इअर स्टुडिओत केलेला, निर्माता टेड नाइसली. इथे गायने गिटार हातात घेतली. इयनची गिब्सन एसजी जाड, भरलेली. गायने घेतली रिकनबॅकर, बारीक आणि धारदार, म्हणजे दोघं एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. 'टर्नओव्हर'ची सुरुवात ऐका. गिटारचा आवाज हळूहळू फुगत येतो, आणि गाण्याला जमीन मिळते ती बेसिस्ट जो लॅली वाजवायला लागल्यावर. 'शट द डोअर'मध्ये तर कडवी बेसवरच उभी आहेत. गिटार बाजूला दबा धरून बसते आणि मग एकदम फुटते. दोन गिटार असून बेस पुढे! कारण गिटारवाल्यांना गप्प बसता येत होतं.

(स्वस्त, बहुतेकदा पाच डॉलरचं तिकीट आणि टी-शर्ट न विकणं, यावर हा बँड अडून राहिला. 'मर्चंडाइज' हे गाणं याच अल्बमवर आहे. आमच्याकडे टी-शर्ट आधी छापले, गाणी नंतर.)

तेव्हा तुम्ही स्वतः बँड करत असाल, आणि प्रश्नाच्या सुरावरून मला तसं वाटतंय, तर दुसरा गिटारिस्ट घेण्याआधी त्याला विचारा की पहिला वाजवत असताना तू काय वाजवणार नाहीस. उत्तर नसेल तर घेऊ नका. नातेवाईक असेल तर अजिबातच नको.

एक राहिलं. सीडीवर आणि ऑनलाइन जो 'रिपीटर' मिळतो त्यात शेवटी तीन गाणी जास्तीची आहेत. ती वेगळ्या सिंगलची. मूळ अल्बम 'शट द डोअर'ला संपतो, पहिल्यांदा तिथेच थांबा. त्या तिनांतलं 'जो #1' मात्र नंतर जरूर ऐका, मी बेसवाला आहे म्हणून सांगतोय असं समजा हवं तर. आणि 'वेटिंग रूम'सारखं पहिल्या फटक्यात डोक्यात बसणारं गाणं 'रिपीटर'वर शोधू नका, नाहीये. आवाजही जरा कोरडा आहे, कुणाला तो रुचत नाही, तेही मान्य.

मित्राने फोनच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर त्याचं मत सोडून द्या. आमचा गिटारिस्टही मिक्स लॅपटॉपच्या स्पीकरवरच तपासायचा. त्या रेकॉर्डिंगचे सुटे ट्रॅक अजून त्याच्याकडेच आहेत, मागितले की "बघतो" म्हणतो.