एकविसावा दिवस कोणाचा?

प्रश्न: ताई, मी 31 वर्षांची, गुहागर तालुक्यात राहते. दीड वर्ष झालं, दिवस राहत नाहीत. पाळी 35 दिवसांनी येते पण नियमित आहे. चिपळूणला जाऊन 21व्या दिवशी रक्त दिलं, प्रोजेस्टेरॉन 0.8 आलं आणि प्रोलॅक्टिन 29, त्याच्यापुढे लाल बाण. जाऊबाई म्हणतात तुझं अंडं फुटतच नाही, आणि त्यांच्याकडे प्रोलॅक्टिनच्या गोळ्या उरल्यात त्या घे. घेऊ का? गणपतीत सगळे जमले की परत तोच विषय निघणार.

उत्तर: गोळ्या जाऊबाईंना परत दे आधी, मग बोलू.

अगं, 21वा दिवस हा 28 दिवसांच्या पाळीचा हिशोब. प्रोजेस्टेरॉन हे अंडं फुटल्यावर वाढणारं हार्मोन, साधारण आठवड्याने ते सगळ्यात वर असतं, म्हणजे पुढची पाळी यायच्या 7 दिवस आधी, आणि तुझी पाळी 35ची म्हणजे तुझा दिवस 28वा. 21व्या दिवशी तुझं अंडं जेमतेम फुटत असेल, तेव्हा 0.8 येणारच! 28व्या दिवशी परत दे, 3 च्या वर आलं तर अंडं फुटलंय असं धरतात. लॅबवाल्याने शेवटच्या पाळीची तारीख विचारली होती का? बहुतेक नाही. यापुढे तूच फॉर्मवर लिहून दे. एफएसएच, एलएच, इस्ट्राडायोल या दुसऱ्या हार्मोनच्या तपासण्या सांगितल्या तर त्या मात्र पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, एएमएच कधीही चालतं. एएमएच कमी आलं तर लगेच रडत बसू नको, ते कणगीत भात किती उरलंय, म्हणजे अंडी किती शिल्लक आहेत, एवढंच सांगतं, दाणा कसा आहे ते नाही.

आता प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन. तू लिहिलं नाहीस पण मला दिसतंय, पहाटे उठून, एसटी चुकेल म्हणून धावत, उपाशीपोटी, घाबरलेली, आणि लॅबमध्ये शिरल्या शिरल्या सुई. झोप, धावपळ, टेन्शन सगळ्याने हे वाढतं, आणि बऱ्याच लॅबमध्ये वरची मर्यादा 25 च्या आसपास धरतात, म्हणजे 29 हे फार नाही. उठल्यावर दोन-तीन तासांनी, लॅबमध्ये अर्धा तास शांत बसून परत तपास, सोबत टीएसएच पण, कारण थायरॉइड बिघडलं तरी प्रोलॅक्टिन चढतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर डॉक्टरांना सांग, त्याने रिपोर्टचे आकडे चुकतात.

एवढ्या मोठ्या पत्रात यजमानांच्या तपासणीचा एक शब्द नाही! वीर्य तपासणी स्वस्त असते, सुई नाही, 2 ते 7 दिवस संबंध न ठेवता द्यायची, आणि पहिल्यांदा हीच करायला हवी होती. फक्त सॅम्पल घरून डबीत घालून एसटीने नेऊ नका, तासाच्या आत लॅबमध्ये पोचायला लागतं. तिथेच जाऊन द्या.