४ टीबीची हार्ड डिस्क डीफ्रॅग करायला फुकटचं सॉफ्टवेअर कोणतं वापरावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की डिस्क लग्नाच्या शूटिंगने काठोकाठ भरलीय, एडिटिंग करताना व्हिडिओ अडखळतो आणि विंडोज मात्र ‘० टक्के फ्रॅगमेंटेड’ दाखवतं. फ्रॅगमेंटेड म्हणजे एकाच फाइलचे तुकडे डिस्कवर विखुरलेले, आणि ते सलग जोडणं म्हणजे डीफ्रॅग. मी भुसावळला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते.

तो शून्य खोटा नाही. ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे विंडोज तुटलेले म्हणून मोजतच नाही. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला १२-१५ मिलिसेकंद लागतात. ६४ एमबी वाचायला मात्र जवळपास अर्धा सेकंद जातो. म्हणजे एवढे मोठे तुकडे जोडून हाती काहीच लागत नाही. दुसरं एखादं सॉफ्टवेअर तीच डिस्क लालेलाल दाखवेल, पण तेवढ्यावरून रात्रभर डिस्क घासू नका.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून डिस्कची तब्येत बघा. तेही फुकट आहे. निळं ‘गुड’ असेल तरच पुढे जा. पिवळं ‘कॉशन’ दिसलं तर डीफ्रॅगचं नाव काढू नका, पहिल्यांदा डेटा दुसरीकडे घ्या. हे मी इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरची २ टीबीची डिस्क मी तब्येत न बघताच रात्री डीफ्रॅगला लावली. मे महिना, वर पत्र्याचं छत. सकाळी कॅबिनेटला कान लावला तर आतून नुसतं टक्... टक्... टक्. त्यांच्या मुलाच्या बारशापासूनचे फोटो त्यात होते, दुसरी प्रत नव्हती. त्या माऊलीचा चेहरा मला अजून आठवतो. डिस्क आधीच खराब होत आली असणार, पण शेवटचा ताण मी दिला.

आता सॉफ्टवेअर. रोजच्यासाठी विंडोजचं स्वतःचंच पुरे. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅग’ टाइप केलं की सापडतं, आठवड्याला आपोआप चालतं आणि एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवाली डिस्क) असेल तर सहसा डीफ्रॅगऐवजी ट्रिम करतं, म्हणजे पुसलेली जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवतं. एसएसडीवर दुसरं कुठलंही डीफ्रॅगर चालवू नका.

मोठ्या डिस्कसाठी मात्र अख्खी डिस्क न हलवता हव्या त्याच फाइली जोडणारं साधन घ्या. ४ टीबी नुसते वाचायलाच सात-आठ तास जातात, वाचून परत लिहायचं म्हटलं तर विचारूच नका. मी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या फुकटच्या साधनांच्या संचातलं कॉन्टिग वापरतो. कमांड लिहावी लागते, पण ‘-a’ दिलं की काहीही न हलवता कुठल्या फाइलचे किती तुकडे आहेत ते सांगतं. कमांड नको असेल तर डीफ्रॅगलर. त्यात ॲनलाइज केल्यावर फाइलींची यादी येते, टिक करून तेवढ्याच जोडता येतात. त्याची २.२२ ही आवृत्ती २०१८ची आहे, पण हे काम ते नीट करतं. ऑसलॉजिक्सचंही चालतं, फक्त इन्स्टॉल करताना सोबत येणारे बाकीचे टिक काढा.

डिस्क एसएमआर प्रकारची आहे का, तेवढं मॉडेल नंबरवरून तपासा. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात. खालचं कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात, म्हणून तिथे डीफ्रॅग फारच रेंगाळतं. चालवायचंच तर रात्रीच्या गारव्यात, यूपीएस लावून.

पण तुमचं खरं दुखणं मला काठोकाठ भरण्यात दिसतं. साधारण १५ टक्के जागा मोकळी नसेल तर कुठलंच डीफ्रॅगर धड काम करू शकत नाही, आणि नवीन फाइलही मिळेल त्या फटीत तुकड्यातुकड्याने जाऊन बसते. तेवढीच दुसरी डिस्क घ्या, सगळं तिच्यावर कॉपी करा, दोन-चार व्हिडिओ उघडून खात्री करा, मग जुनी फॉरमॅट करून चालू कामाचंच शूटिंग तिच्यावर परत आणा. रिकाम्या डिस्कवर फाइली सलग बसतात. जुनी लग्नं नव्या डिस्कवर राहू द्या, आणि ज्यांचा अल्बम अजून द्यायचाय त्यांची प्रत दोन्हीकडे ठेवा.