जर्मनीत उतरल्या उतरल्या दोन वर्षांच्या करारावर सही करू नकोस

तू विचारलंस की ऑक्टोबरपासून श्टुटगार्टला मास्टर्स सुरू होतंय, तर तिथं पोचल्यावर नव्या फोनसकट दोन वर्षांचा करार घ्यावा का, नेटवर्क कुठलं चांगलं आणि नाशिकचा नंबर बंद करून टाकावा का. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी एक सांगते. पहिले तीन-चार महिने प्रीपेड कार्डावरच काढ. कुठं राहणार, तिथं कुठलं नेटवर्क पोचतं, हे कळल्याशिवाय आणि समोरचा कागद स्वतः वाचता आल्याशिवाय इथं कशावरही सही करायची नाही.

हे इतकं ठासून सांगते, कारण मी नेमकं उलटं केलं होतं. मार्च 2018 मध्ये साताऱ्याहून आले आणि तिसऱ्याच आठवड्यात शहरातल्या एका दुकानात गेले. माणूस इंग्रजी छान बोलत होता, फोन 1 युरोत मिळत होता. महिना 44.99 युरो, 24 महिने, शिवाय जोडणीचे 39.99. घरी येऊनही बेरीज केली नाही. ती होते जवळजवळ 1120 युरो. तेवढाच डेटा देणारं नुसतं कार्ड तेव्हा 15 युरोला मिळत होतं आणि तो फोन बाजारात 500 च्या आसपास होता. म्हणजे 500 चा फोन मला 700 च्या वर पडला.

पैशांचं एक वेळ सोडून देऊ. पाच महिन्यांनी आम्ही शोर्नडॉर्फच्या पुढं एका गावात घर घेतलं. रेम्स नदीचं खोरं आहे, घर टेकडीच्या कुशीत. त्या कंपनीचा सिग्नल अख्ख्या घरात एकाच ठिकाणी यायचा, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. काचेला खांदा टेकवून, मान जराही न हलवता बोलायचं. बाबांचं ऑपरेशन झालं त्या रात्री आई दवाखान्यातून फोन करत होती आणि मी त्या गार काचेला चिकटून, प्रत्येक वेळी तुटलं की पुन्हा लावत होते. करार संपायला अजून सव्वा वर्ष होतं.

संपतानाही तो सुखासुखी संपला नाही. त्या वेळी नियम असा होता की मुदत संपायच्या तीन महिने आधी लेखी कळवायचं, नाहीतर करार आपोआप आणखी बारा महिने वाढतो. माझी तारीख होती 23 डिसेंबर 2019. मी पत्र टाकलं 27 डिसेंबरला. उत्तर आलं की आपला करार मार्च 2021 पर्यंत वाढला आहे. आणखी 540 युरो. कंपनीनं कायदा मोडला नव्हता, तेव्हा कायदाच तसा होता.

1 डिसेंबर 2021 पासून तो बदलला, आणि तुझ्या दृष्टीनं ही फार चांगली गोष्ट आहे. आता पहिली मुदत संपल्यावर करार महिन्याच्या नोटिशीवर कधीही सोडता येतो. सही करण्याआधी कंपनीनं कराराचा सारांश हातात द्यायलाच हवा. जर्मनमध्ये त्याला फर्ट्राग्स-त्सुझामेनफासुंग म्हणतात. हा शब्द पाठ कर आणि दुकानात माग. जास्तीत जास्त 12 महिन्यांचा पर्यायही त्यांना ठेवावाच लागतो, फक्त तो ते आपणहून पुढं करत नाहीत. आणि जुलै 2022 पासून कंपनीच्या साइटवर करार रद्द करायचं बटण असणं सक्तीचं आहे. रद्द करण्याला इथं क्युंडिगुंग म्हणतात. ती केल्यावर पोच येते, ती जपून ठेव. पण पहिले 24 महिने मात्र 24 महिनेच राहतात. मधेच शिक्षण सोडून भारतात परतलीस तरी देश सोडला म्हणून करार आपोआप संपत नाही.

आणखी एक फरक आहे, आणि तो आपल्याकडच्या माणसाला सहसा माहीत नसतो. ऑनलाइन किंवा फोनवर केलेला करार 14 दिवसांत कारण न देता मागं घेता येतो. दुकानात उभं राहून केलेल्या सहीला हा हक्क नाही. समोर माणूस आहे, समजावून सांगतोय, म्हणून दुकान जास्त सुरक्षित वाटतं. इथं उलट आहे. कधी करार घेशीलच तर ऑनलाइन घे.

तसंही सुरुवातीला तुला करार मिळेलच असं नाही. इथं शूफा नावाची संस्था प्रत्येकाच्या उधारी-परतफेडीची नोंद ठेवते. तू नवी, तुझी नोंद कोरी, त्यामुळे काही कंपन्या सरळ नाही म्हणतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मात्र करार घेऊन बिलं थकवलीस तर ती नोंद शूफात जाऊ शकते आणि पुढं घर भाड्यानं घेताना घरमालक नेमका तोच कागद मागतो. प्रीपेडला शूफा लागत नाही.

आता नेटवर्कचं. मोठी तीन: टेलिकॉम, व्होडाफोन आणि ओटू. पहिल्या दोघांना जुनी माणसं अजून डी-नेट म्हणतात. ओटूमध्ये 2014 साली ई-प्लस ही आणखी एक कंपनी मिसळली. वन-अँड-वन हे चौथं नवं आहे, ते जिथं स्वतः पोचत नाही तिथं व्होडाफोनच्या जाळ्यावर चालतं. गावाकडं, डोंगरात, रेल्वेत टेलिकॉम सगळ्यात भरवशाचं, हा माझा आणि आमच्या इथल्या बऱ्याच मराठी घरांचा अनुभव. शहरात तिघांत फारसा फरक जाणवत नाही. पण श्टुटगार्ट सपाट नाही. मूळ शहर वाडग्यासारख्या खोलगट भागात आहे आणि तुझं फाइहिंगनचं कॅम्पस वर, काठावर. एका ठिकाणी मिळतं ते दुसरीकडं मिळेलच असं नाही, आणि जुन्या वसतिगृहांच्या जाड भिंतींमागं तर खोलीगणिक फरक पडतो.

म्हणून प्रीपेड. ही कार्डं सुपरमार्केटमध्ये, काउंटरजवळ टांगलेली असतात. आल्डीचं कार्ड ओटूच्या जाळ्यावर चालतं, लिडलचं व्होडाफोनच्या, पेनीचं टेलिकॉमच्या. साधारण 10 युरोच्या आसपास चार आठवडे निघतात. चार आठवडे म्हणजे 28 दिवस, महिना नव्हे. आपल्याकडच्या रिचार्जसारखंच वर्षात बारा नाही, तेरा वेळा पैसे जातात, तेव्हा तुलना करताना तेरानं गुण. पहिलं कार्ड खोलीत नीट चाललं नाही तर दुसऱ्या जाळ्याचं घे. जुना नंबर नव्या कंपनीकडं नेता येतो आणि 2021 पासून त्याचे पैसे पडत नाहीत. पुढं करार घेतलास तरी हाच नंबर सोबत ने, म्हणजे बँक, विमा, विद्यापीठ सगळीकडं पुन्हा बदलत बसावं लागणार नाही.

कार्ड विकत घेतलं की लगेच चालू होत नाही. जुलै 2017 पासून प्रीपेडलाही ओळख पटवावी लागते. बहुतेक ठिकाणी व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट दाखवायला सांगतात. गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाचा भारतीय पासपोर्ट त्या कॉलवर दोनदा नाकारला गेला. मग त्यानं पोस्टातली ओळख हा पर्याय निवडला. कोड छापलेला कागद आणि पासपोर्ट घेऊन पोस्टाच्या खिडकीवर गेला, दहा मिनिटांत काम झालं. तू व्हिडिओच्या नादी न लागता थेट पोस्टात जा. पत्ता विचारतील तिथं वसतिगृहाचा पूर्ण पत्ता दे, खोली क्रमांकासकट, आणि पत्रपेटीवर तुझं नाव चिकटव. इथं पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.

कार्डासोबत प्लास्टिकच्या पत्र्यावर पिन आणि पूक छापलेले असतात. आपल्याकडं सिमला पिन लावायची सवय नसते, इथं ती आधीपासून लावलेलीच येते. तीनदा चुकली की पूक मागतो, पूक दहादा चुकला की कार्ड कायमचं बंद. त्या पत्र्याचा फोटो काढून आईला पाठवून ठेव. आणि कार्ड चालू झालं की ग्राहकसेवेला सांगून ड्रिट-आनबीटर-श्पेरं लावून घे. म्हणजे परक्या कंपन्यांना तुझ्या शिलकीतून पैसे कापता येणार नाहीत. कुठल्या तरी जाहिरातीवर बोट पडतं आणि दर आठवड्याला 4-5 युरो जायला लागतात, हे मी ओळखीच्या दोन मुलींच्या बाबतीत पाहिलंय. श्पेरं फुकट असतं.

युरोपात फिरशील तेव्हा हेच कार्ड फ्रान्स, इटली, ऑस्ट्रियात इथल्याच दरात चालेल. 2017 पासून युरोपीय संघात तसा नियम आहे. स्वित्झर्लंड मात्र संघात नाही. कॉन्स्टान्सला तळं बघायला गेलीस की फोन पलीकडचं स्विस नेटवर्क पकडतो आणि तुला कळतही नाही. तिकडं जाताना डेटा रोमिंग हातानं बंद कर.

आता फोन. भारतातूनच घेऊन ये, पण घेण्याआधी एक तपास. जर्मनीत 3जी 2021 मध्येच बंद झालं. ज्या फोनला इथल्या नेटवर्कवर 4जी कॉल करता येत नाहीत तो बोलताना थेट 2जीवर घसरतो, आणि टेलिकॉमनं तेही 2028 च्या मध्यापर्यंत बंद करायचं जाहीर केलंय. काही मॉडेल्स भारतात व्यवस्थित 4जी कॉल करतात, इथं नाही. त्याच्या जोडीला वायफाय कॉलिंग आहे ना, तेही बघ. वसतिगृहाच्या जाड भिंतीत तेच उपयोगी पडतं. खिडकीपाशी उभं राहायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

तुझा तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नाशिकचा नंबर अजिबात बंद करू नकोस. शैक्षणिक कर्जाचं खातं, आधार, आयकर, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येणार. परदेशी नंबरवर यूपीआय द्यायला 2023 मध्ये सुरुवात झाली तेव्हा दहा देशांची यादी होती, त्यात जर्मनी नव्हता. नंबर एकदा गेला की काही महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाला दिला जातो आणि मग तुझ्या बँकेचे मेसेज त्याच्याकडं.

निघण्याआधी नाशिकला बसून तीन कामं करायची. पहिलं, सिम कुणाच्या नावावर आहे ते बघ. आपल्याकडं निम्म्या मुलांची सिमं बाबांच्या नावावर असतात. चालतंय तोवर काही अडत नाही, पण फोन हरवला आणि नवं सिम हवं झालं की ज्याच्या नावावर आहे त्यालाच दुकानात जावं लागतं. तुझ्या बाबतीत ते बरंही पडेल, बाबा नाशिकलाच आहेत. पण ते ठरवून असू दे, ऐनवेळी कळायला नको. दुसरं, आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच चालू करून घे आणि रोमिंगमध्ये येणाऱ्या मेसेजला पैसे पडतात का ते कंपनीला विचार. बहुतेकांकडं पडत नाहीत. फोन उचललास तर मात्र पडतात, तेव्हा त्या नंबरवर आलेला फोन उचलायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर उलट करायचा. तिसरं, लांब मुदतीचं रिचार्ज. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायनं फक्त बोलणं आणि मेसेज असलेले पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत 365 दिवसांपर्यंत नेली. तुला भारतातला डेटा लागणारच नाही, तेव्हा असाच पॅक शोध आणि संपायची तारीख घरच्या कॅलेंडरवर आईला लिहायला सांग.

भारतातलं सिम ई-सिम करून आणू नकोस. फोन बिघडला तर साधं कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम दुसऱ्या फोनवर न्यायला पुन्हा त्याच नंबरवर मेसेज लागतो आणि तू इथं अडकतेस. भारताचं साधं कार्ड, जर्मनीचं हवं तर ई-सिम. आणि बँकेचा 1800 वाला नंबर परदेशातून लागत नाही, तेव्हा +91 नं सुरू होणारा नंबर कागदावर लिहून आण.

विमानतळावरच्या दुकानातून कार्ड घेऊ नकोस, महाग असतं. पहिले दोन दिवस वसतिगृहाच्या वायफायवर निघतात. पण सिम नसलेल्या फोनवरून जर्मनीत 112 सुद्धा लागत नाही, म्हणून नाशिकचं सिम पहिल्या दिवसापासून चालू ठेव.

तुझ्या फोनचं नेमकं मॉडेल मला कळव. माझ्याकडं टेलिकॉमच्या जाळ्यावरचं एक जादा प्रीपेड कार्ड आहे. तू आलीस की तुझ्या खोलीत घालून बघू, आणि नाही चाललं तर तिथूनच लिडलला जाऊ.